धन्याला विचारून

आमच्या शेजारच्या दुकानातून पोलिसाचा ड्रेस भाड्याने न्यायला आलेल्या पोराला आधी शिट्टी वाजवून दाखवावी लागे. नुसती फुर्र केलेली चालत नसे. चौकातला पोलीस वाजवतो तशी हवी, एक लांब, दोन आखूड. पोराची आई स्कूटी रस्त्यातच उभी करून आलेली, मागे रिक्षावाले हॉर्न देताहेत, आणि चाचा गळ्यात टेप घालून त्या तीन फुटी इन्स्पेक्टरला सांगताहेत, "पुन्हा एकदा. आता समोरून ट्रक येतोय आसं समज." मी पलीकडे झेरॉक्स मशीनपाशी कपाळाला हात लावून बसलेली असे.

औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत आमची दोन दुकाने एकमेकांना चिकटून होती. मध्ये फक्त प्लायवूडची फळी. अलीकडे माझे झेरॉक्स, पलीकडे त्यांची ड्रेपरी. शाळांची स्नेहसंमेलने, पंधरा ऑगस्ट, गोकुळाष्टमी, हौशी नाटकवाले, या सगळ्यांना तिथून कपडे जात. चाचा मागच्या थंडीत गेले. आता तिथे मोबाइलची कव्हरे मिळतात. मला त्यांची फार आठवण येते, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्यावर बराच राग काढणार आहे.

त्यांचे फोन मी सतरा-अठरा वर्षे फळीआडून ऐकले. "दोन मावळे धोब्याकडं गेलेत. परीचा पंख मोडलाय, ती सोमवारपर्यंत उठत नाय. राक्षस रिकामा हाय, पाठवू का?" हे ऐकून आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेली नवी माणसे दचकत. स्वतः चाचा मात्र वर्षाचे बारा महिने पांढरा पायजमा आणि पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट घालत. मी एकदा म्हटले, "सगळ्या शहराला राजे करता, स्वतःला एखादा रंगीत शर्ट तरी शिवा." म्हणाले, "मला कोण भाड्यानं नेतंय, झेरॉक्सताई?" एरवी मी झेरॉक्सताई. भांडण झाले की नुसती 'बाई'.

आधी ते असे नव्हते म्हणतात. म्हणजे तऱ्हेवाईक होतेच, पण मागेल त्याला मागेल तो ड्रेस देत. बदलले ते हमालाच्या ड्रेसपासून, आणि ती गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

एका शाळेच्या फॅन्सी ड्रेससाठी त्यांनी स्टेशनवरच्या हमालाचा लाल शर्ट शिवला होता. दंडाला पत्र्याचा बिल्ला, डोक्याला फडके. दुसरीतला एक पोरगा तो घालून स्टेजवर गेला, कमरेत वाकून, कण्हत, पाठीवर उशांचे गाठोडे घेऊन, आणि शेवटी त्याने बक्षिशीसाठी हात पसरला. सगळे सभागृह हसले. पहिला नंबर मिळाला. चार दिवसांनी भर दुपारी एक खरा हमाल दुकानासमोर येऊन उभा राहिला. अंगात लाल शर्ट, दंडाला पितळी बिल्ला. आता मारामारी होणार म्हणून मी स्टुलावर चढून फळीवरून बघू लागले.

तो माणूस शांतपणे म्हणाला, "चाचा, ह्या शर्टात कुणी वाकत नसतंय. डोक्यावर वझं आसलं की पाठ ताठ ठिवावी लागती. न्हायतर मान जाती." मग जरा थांबून म्हणाला, "माझी पोरगी त्याच वर्गात हाय. मला म्हणली, पप्पा, शाळेत न्यायला येताना शर्ट बदलून येत जा."

एवढे बोलून तो गेला. चहाला थांबला नाही. चाचांनी शटर ओढले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी तो शर्ट घेऊन ते स्टेशनवर गेले, त्या माणसाला शोधून त्याची माफी मागितली, आणि चुंबळ कशी वळतात, बॅग डोक्यावर कशी चढवतात, हे त्याच्याकडून शिकून आले. त्यानंतर हमालाचा ड्रेस मागणाऱ्या पोराला डोक्यावर पाटी घेऊन दुकानापासून कोपऱ्यापर्यंत ताठ चालून दाखवावे लागे. पाटी पडली की ड्रेस नाही.

आणि एक कायदा निघाला. "जो कपडा कुणीतरी रोज घालतंय, त्याला धनी आसतो. धन्याला विचारल्याबिगर हँगरला लावायचा नाय."

या कायद्याने आम्हाला भरपूर छळले. डॉक्टरचा कोट शिवला तेव्हा चाचा तो पिशवीत घालून एका दवाखान्यात नंबर लावून बसले. दोन तासांनी आत गेले. डॉक्टरांनी आधी त्यांचा रक्तदाब मोजला आणि मग कोट अंगात घालून पाहिला. "तब्येत बी ठीक हाय म्हणले, कोट बी," असे चाचांनी येऊन सांगितले. शेतकऱ्याचा ड्रेस घेऊन ते दौलताबादला एका सीताफळवाल्याकडे गेले. धोतर आणि पागोटे बघून तो माणूस पोट धरून हसला. "चाचा, हे माझ्या आज्यानं बी शेवटी शेवटी सोडलं व्हतं!" तेव्हापासून चाचांच्या दुकानात शेतकऱ्याचा ड्रेस म्हणजे मळकी पँट, बियाण्याची जाहिरात छापलेला ढगळ टी-शर्ट आणि खिशात जुना मोबाइल. शाळेच्या बाई यायच्या, तो हँगर बघायच्या आणि म्हणायच्या, "अहो चाचा, शेतकरी म्हटलं मी, शेतकरी!" चाचा म्हणायचे, "ह्योच हाय. धन्यानं सांगितलंय." बाई तणतणत दुसरीकडे जायच्या. मी फळीवरून ओरडायचे, "द्या की हो धोतर! कुणाच्या बापाचं काय जातंय?" चाचा टेप गुंडाळत म्हणायचे, "त्याच्याच बापाचं, बाई."

भूत, परी, राक्षस आणि नागकन्या यांना तेवढी सूट होती. "भुताला कुठं गाठू मी?" असे ते म्हणत, आणि त्यात मला काही चूक दिसत नव्हती.

हल्ली ऑक्टोबर संपता संपता हॅलोविन नावाचा एक नवा सण आपल्याकडे आला आहे. मोठ्या सोसायट्यांत पोरे भुते होऊन चॉकलेट मागत फिरतात, मॉलमध्ये पाकिटात दुमडलेली भुते विकायला लटकतात. चाचांना हा सण आवडे. जास्तीचे गिऱ्हाईक मिळते म्हणून नव्हे, तर भुताचे कपडे शिवताना कुणाला विचारावे लागत नाही म्हणून. तर एका वर्षी जालना रोडवरच्या एका नव्या हॉटेलचा मॅनेजर आला. तरुण मुलगा, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. म्हणाला, "संभाजीनगरात अशी पार्टी पहिल्यांदाच होतेय. पंचवीस ड्रेस पाहिजेत, मुलींचे." त्याने फोटो दाखवला. काळा जाळीचा पायघोळ फ्रॉक, गळ्याला घट्ट काळी पट्टी, काळे ओठ, चांदीच्या साखळ्या.

"हे काय हाय?" चाचांनी विचारले.

"गॉथ म्हणतात. चेटकिणीतलाच प्रकार."

"कुणी रोज घालतंय का?"

पोरगा हसला. "रोज? असं नटून कोण फिरणार, चाचा?"

तरी चाचांनी माझ्याकडे पाहिले. मी फोटोची मोठी झेरॉक्स काढत होते. "भूतच आहे ते," मी म्हटले, "शिवा बिनधास्त." हे मी म्हटले, आणि ते मला आजही टोचते. कारण मला थोडा जरी विचार करायची सवय असती, तर मी असे म्हटले नसते.

चाचांनी ते फ्रॉक काय शिवले! सॅटिन, जाळी, लेस, बाह्यांना बारीक चुण्या. दुपारची नमाज झाली की जे मशीनवर बसत, ते संध्याकाळी माझे दुकान बंद होईपर्यंत उठत नसत. एकामागून एक काळे फ्रॉक दांडीवर चढत गेले, आणि खरे सांगते, माझे वय तीस वर्षांनी कमी असते तर एखादा मी अंगाला लावून बघितला असता.

त्याच आठवड्यात ती मुलगी आली. ती माझी जुनी गिऱ्हाईक, वर्षभर येत होती. असेल चोवीस-पंचवीस वर्षांची. मुकुंदवाडीत पाचवी ते आठवीच्या मुलांचा गणिताचा क्लास घेई, औरंगपुऱ्यात पुस्तके घ्यायला आली की माझ्याकडे चाचणीच्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढी. कायम काळे कपडे, काळे ओठ, बोटात कवटीची अंगठी. घरात कुणी गेले असेल, कसला तरी नवस असेल, ऑर्केस्ट्रात गात असेल, असे माझे तर्क चालत. विचारले कधी नाही. मनातल्या मनात मी तिचे नाव 'अमावस्या' ठेवले होते. चाचा नेहमी मशीनवर मान खाली घालून असल्यामुळे त्यांनी तिला कधी पाहिले नव्हते.

त्या दिवशी पाहिले. ती अपूर्णांकांच्या बावीस प्रती मोजून घेत होती, आणि चाचा दोरा तोडत बाहेर आले.

"ए पोरी! ट्रायल न घेता ड्रेस नेला कसा? आजून हुका लावायच्या हायत त्याला!"

तिने मागे वळून पाहिले. तिच्याशीच बोलताहेत हे तिला कळले नाही. "कुठला ड्रेस?"

"आंगावरचा! हाटेलवाल्यानं दिला ना? त्याला म्हणलं व्हतं, पंचवीस झाल्याबिगर एक बी उचलायचा नाय."

"हा माझा आहे, चाचा."

"समदे तसंच म्हणतेत. बाहीची शिवण दाखव."

तिने गोंधळून हात पुढे केला. चाचांनी चष्मा लावला, शिवण लांबूनच पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला. "ही माझी शिवण नाय."

"मीच शिवलाय."

"कुठल्या कार्यक्रमाला?"

"कार्यक्रम नाय हो. रोजचाच आहे."

चाचा माझ्या दुकानातल्या स्टुलावर मटकन बसले. "रोजचा," ते मला म्हणाले. "बाई, हिचा रोजचा हाय."

मग चहा आला. चाचांनी तिला आत नेऊन सगळे फ्रॉक दाखवले. ती आधी हरखलीच. एकेक लेस बोटांनी चाचपून बघत म्हणाली, "किती सुंदर शिवलंत! बाही फक्त अजून दोन बोटं लांब घ्या, मनगटावर आली पाहिजे." चाचांनी लगेच खडूने खूण केली. ती सांगू लागली की कॉलेजात असताना असे कपडे घालणाऱ्या लोकांचे फोटो पाहिले, त्यांची गाणी ऐकली, आणि वाटले की ही आपली माणसे. "माझ्या घरात कुणी गेलेलं नाय, मी दुःखी पण नाय," ती माझ्याकडे बघून म्हणाली, जणू माझे तर्क तिला ऐकू आले होते. "दुसरं काही घातलं की मला अवघडल्यासारखं होतं, एवढंच. लोक विचारतेत, भीती नाय वाटत का, कुणी करणी केली का. शिवण दाखव, असं तुम्हीच पहिल्यांदा म्हणालात."

"मग हँगरला लावू ना?" चाचांनी विचारले. "तू धनीण हायस."

"कोण नेणार आहे?"

पार्टीची पत्रके मीच छापून दिली होती. एक तिच्या हातात ठेवले. वर मोठ्या अक्षरांत 'भुतांची रात्र', खाली तिच्यासारखीच एक बाई, दात बाहेर काढलेले आणि ओठांतून रक्त.

तिने पत्रकाची घडी घातली आणि चाचांच्या हातात दिली. मग म्हणाली, "नको, चाचा."

तिने क्लास सुरू केला तेव्हा चार मुले होती. पहिल्या वर्षी एका आईने क्लासच्या दाराला लिंबू-मिरची बांधली, मॅडमपासून पोरांचे रक्षण व्हावे म्हणून. ती शिकवत राहिली. आता बावीस मुले झाली होती, आणि तीच बाई दर शनिवारी नवी लिंबू-मिरची आणून बांधत होती, मॅडमला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. "पोरांना आता माझे कपडे दिसतच नाय," ती म्हणाली. "फळा दिसतो. त्याला तीन वर्षं लागली. गावभर हे भुताचं सोंग म्हणून फिरलं, तर मी रोज काय घालून शिकवते, ते पुन्हा सगळ्यांना दिसायला लागंल. घरचे वाटच बघतेत. क्लास मोडला की म्हणणार, बास झालं आता, ते काळं सोड आणि लग्नाला उभी राहा."

मला चाचांच्या कष्टाचे वाईट वाटत होते, म्हणून मी मध्ये पडले. "अगं, तू नाही म्हणून काय होणार? मॉलमध्ये हेच पाकिटात मिळतंय."

"मॉलनं मला विचारलं नाय, काकू. विचारलं असतं तर त्यांना पण नाहीच म्हणाले असते."

चाचांनी पंचवीसच्या पंचवीस फ्रॉक दांडीवरून उतरवले, घड्या घातल्या आणि ट्रंकेत ठेवले. मॅनेजर न्यायला आला तेव्हा म्हणाले, "तयार हायत. पण देता येत नाय. धनीण नाय म्हणली." तो आधी हसला, मग चिडला, मग हात जोडू लागला. चाचा त्याला मनापासून मदत करायला बघत होते. "भूतच पायजे ना? मुंज्या देतो, हडळ देतो, उलट्या पायांच्या चपला शिवून देतो. दोन दिवसांत पंचवीस भुतं उभी करतो." पोरगा आमच्या दोघांकडे वेड लागल्यासारखे बघत निघून गेला.

पार्टी झाली. पाकिटांतले कपडे घालून झाली. काळे ओठ, काळ्या साखळ्या, खोटे रक्त, सगळे फोटो दुसऱ्या दिवशी घरोघरच्या मोबाइलवर फिरले. मुकुंदवाडीच्या पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी त्यातला एक टाकला आणि खाली लिहिले, 'आपल्या क्लासच्या मॅडम सापडल्या.' आधी सगळे हसले. मग एका पोरीला म्हणे ताप आला, मग कुणाच्या आजीने म्हटले की काही असो, लहान लेकरे आहेत. बावीसची नऊ झाली.

दिवाळी होऊन गेल्यावर ती चाचांच्या दुकानात आली. ओठांचा रंग पुसलेला होता. म्हणाली, "चाचा, शिक्षिकेचा ड्रेस भाड्यानं पाहिजे. महिन्यासाठी."

चाचांकडे तो हँगर होता. फिकट रंगाची सुती साडी, शाळेतल्या पोरींच्या फॅन्सी ड्रेससाठी मोठा चष्मा आणि छडी. त्यांनी नुसती साडी काढून दिली, पडद्यामागे ती नेसून आली, आणि चाचा सवयीने म्हणाले, "कोपऱ्यापर्यंत चालून दाखव."

ती चालून आली. चाचा प्रत्येकाच्या चालण्यात काहीतरी चूक काढत, इथे नुसता टेप गुंडाळत राहिले. मी म्हटले, "छान दिसतेस गं." मी खोटे बोलत होते. वर्षभर ज्या पोरीची मी मनात टिंगल केली, ती त्या साडीत पहिल्यांदा मला परकी वाटली.

"पोरी," चाचा शेवटी म्हणाले, "पन्नास वर्षं मी लोकांच्या आंगावर ड्रेस चढवतोय. चढवलेला ड्रेस मला लांबनं कळतो. पोरांना बी कळंल."

"मग मी काय करू? नऊ राहिलीत. ती पण गेली तर संपलंच."

ती आत जाऊन पुन्हा आपले कपडे घालून आली, साडीची नीट घडी करून तिने काउंटरवर ठेवली आणि गेली. ती गल्लीबाहेर पडेपर्यंत मी कशीबशी दम धरला, आणि मग चाचांवर तुटून पडले. "तुमचा कायदा, तुमचा धनी! एवढं सगळं करून शेवटी क्लास तिचाच मोडतोय ना? साडी नेऊ द्यायची होती. चार दिवस नाटक केलं असतं, पोरं परत आली असती. तुम्हाला फक्त खरं-खोटं कळतं, माणसाची अडचण कळत नाही!"

"व्हय, बाई," चाचा म्हणाले. त्यांनी कधी माझे असे ऐकून घेतले नव्हते, त्यामुळे मला आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवसापासून चाचा दुपारी साडेतीनला शटर ओढून जाऊ लागले. ऐन संमेलनांचे दिवस. शाळांच्या बाया येत, बंद शटर बघत आणि माझ्या डोक्यावर बसत. मावळे कधी मिळणार, पऱ्या कधी मिळणार. सकाळी विचारावे तर चाचा म्हणत, "काम हाय." त्यांच्या शर्टाच्या बाहीला खडू लागलेला दिसे, पण शिंप्याच्या बाहीला खडू असणारच. एकदा माझ्याकडून चौकटीची वही घेऊन गेले. आठवडा झाला तसा माझा संयम संपला. मी माझे दुकान भाचीवर टाकले आणि त्यांच्या मागच्या रिक्षाने निघाले.

रिक्षा मुकुंदवाडीला स्टेशनमागच्या गल्लीत थांबली. मी त्या क्लासच्या दारापर्यंत पोहोचले तेव्हा आतून चाचांचा आवाज येत होता, मोठा, खणखणीत. "मॅडम, समजलं नाय. पुन्हा सांगा!"

सतरंजीवर मुलांच्या रांगेत, रस्त्याकडच्या खिडकीखाली, सत्तरीचे चाचा मांडी घालून बसले होते. पांढरी दाढी, पांढरी टोपी, मांडीवर ती चौकटीची वही. फळ्यापाशी ती, नेहमीच्या काळ्या कपड्यांत, काळ्या ओठांत. "पावणेतीनमध्ये दीड मिळवले तर किती, चाचा?" जो माणूस नजरेच्या मापावर कापड फाडताना पाव इंचाचा फरक पडू देत नसे, तो डोके खाजवत म्हणाला, "साडेतीन?" मुले खिदळली. एका मुलीने उठून त्यांच्या वहीत सव्वाचार लिहून दिले. गल्लीत भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या दोन बायका खिडकीशी थांबल्या. चाचांनी आवाज आणखी चढवला, "असं हाय का! आता समजलं. मॅडम लई चांगलं सांगतेत!"

मी दाराबाहेरच उभी राहिले. माझे डोळे भरून आले होते, आणि मुलांसमोर मला तमाशा नको होता.

त्या दोघींपैकी एक बाई पुढे झाली. तिच्यामागे दहा-अकरा वर्षांची दोन वेण्यांची मुलगी होती, हातात दप्तर. बाई दारातून आत न जाता खिडकीतूनच चाचांना म्हणाली, "चाचा, आठ दिवस बघतीया. तुमी या वयात इथं काय करता?"

"शिकतो."

"आन्..." बाईने आवाज खाली आणला, पण सगळ्यांना ऐकू गेलेच. "आन् ह्यांच्या कपड्याचं काय म्हणायचं?"

फळ्यापाशी मॅडमचा हात थांबला. तिने वळून पाहिले नाही.

"मी शिंपी हाय, बाई," चाचा म्हणाले. "कपड्याचं मला विचारा. सोंगाचा कपडा आंगावरून उतरून हँगरला लागतो. ह्यांचा तसा नाय. ह्यो त्यांच्या आंगचा हाय, जसा तुमच्या आंगावर तुमचा. गणिताचं मॅडमला विचारा."

बाईने फळ्याकडे पाहिले. मग तिने मागे धरलेला मुलीचा हात सोडला. मुलगी आत आली. नीट चपला काढल्या, मॅडमकडे बघून "गुड आफ्टरनून" म्हणाली, आणि चालत थेट खिडकीखाली येऊन चाचांसमोर उभी राहिली.

"ही माझी जागा आहे."

"हौ, ठाऊक हाय," चाचा म्हणाले. "दुसरं कुणी बसू नये म्हणून धरून ठिवली व्हती."

मग एक हात भिंतीला लावून, गुडघा दाबत, कण्हत ते उठले. मुलगी बसली. चाचांनी वही काखेत घेतली, सतरंजीवर नजर टाकली, आणि शेजारची दुसरी रिकामी जागा बघून तिथे जाऊन बसले.